‘तयार आहे’ असे कोणी म्हणावे?

वस्तू कोणी निर्माण करावी आणि तिचे मोल कोणी घ्यावे, या प्रश्नांचा ऊहापोह समाजवाद्यांनी गिरणी, शेत आणि खाण यांच्या संदर्भात पुष्कळ केला आहे. परंतु बँका, इस्पितळे, रेल्वे, विद्यापीठे आणि सरकारी कचेऱ्या आज ज्या सॉफ्टवेअरवर चालतात, ते घडवणाऱ्या श्रमाविषयी आपल्या नियतकालिकांत क्वचितच लिहिले जाते. जे लिहिले जाते ते बहुधा नोकरकपातीविषयी असते. वस्तू वापरण्याजोगी झाली की नाही हे कोण ठरवतो, कोणत्या कसोटीवर ठरवतो आणि ती कसोटी लावण्याचे कष्ट कोणाच्या माथी येतात, हा प्रश्न अस्पर्शित राहतो. वस्तुतः तो आर्थिक लोकशाहीचा प्रश्न आहे. त्याची चर्चा करण्यासाठी ‘डेबियन’ या स्वयंसेवकांनी चालवलेल्या प्रकल्पाचा दाखला मी घेणार आहे.

या चर्चेत मला दोन मतांचा प्रतिवाद करावयाचा आहे. पहिले मत बाजारवाद्यांचे. ज्या वस्तूला मालक नाही तिची जबाबदारी कोणावरच नाही, सबब तिच्यावर समाजाने विसंबू नये, असे ते सांगतात. दुसरे मत आपल्याच काही मित्रांचे. मालक आणि मजुरी ही दोन्ही दूर झाली की श्रम आपोआप मुक्त, सहकारी आणि शिस्तबद्ध होतात, अशी त्यांची भाबडी श्रद्धा आहे. यांपैकी पहिले मत चूक आहे. दुसरे अर्धसत्य आहे, आणि म्हणून चळवळीला अधिक घातक आहे.

प्रथम वस्तुस्थिती. इयन मर्डॉक या अमेरिकन विद्यार्थ्याने ऑगस्ट १९९३ मध्ये डेबियन सुरू केले. संगणक चालवणारी मूलभूत प्रणाली आणि तिच्यावर चालणारी हजारो सॉफ्टवेअरे एकत्र आणावयाची, त्यांचा परस्परांशी मेळ बसवावयाचा आणि सारे काही मूळ लिखाणासह कोणालाही मुक्तपणे द्यावयाचे, हे या प्रकल्पाचे काम. त्याला भागधारक नाहीत, संचालक मंडळ नाही. १९९७ साली सभासदांनी एक ‘सामाजिक करार’ स्वीकारला. आपल्या कामातील दोष लपवून ठेवणार नाही, ही त्यातील एक प्रतिज्ञा. १९९८ साली प्रकल्पाने स्वतःची घटना केली. प्रमुखाची निवड दरवर्षी सभासदांच्या मताने होते. मतदानाचा हक्क असलेले सभासद सुमारे एक हजार असून ते जगभर विखुरलेले आहेत. प्रकल्पाचे काम करण्याचे बंधन कोणावरही नाही, असे ही घटनाच सांगते. नियमांच्या विरोधात मात्र कोणी वागू नये, एवढीच तिची अट. ऑगस्ट २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तेराव्या आवृत्तीत सुमारे सत्तर हजार पॅकेजे, म्हणजे स्वतंत्रपणे बसवता येणारे घटक आहेत. सक्ती नाही, पगार नाही, एक छप्पर नाही, आणि तरीही सत्तर हजार सुटे भाग जुळून एक यंत्र उभे राहते. हे कसे घडते?

ते घडते ते उत्साहाच्या बळावर नव्हे. उघड नियमांच्या बळावर. डेबियनमध्ये कामाच्या तीन पायऱ्या आहेत: अस्थिर, चाचणी आणि स्थिर. नवे काम प्रथम अस्थिर विभागात पडते. या विभागाला ‘टॉय स्टोरी’ चित्रपटातील खेळणी मोडणाऱ्या मुलाचे, सिडचे, नाव दिले आहे, यावरून तेथील कारभाराची कल्पना यावी. तेथे ते पॅकेज काही दिवस राहते. धाडसी मंडळी ते वापरतात आणि दोष आढळल्यास सार्वजनिक दोषवहीत नोंदवतात. ठरलेली मुदत उलटली, नवा गंभीर दोष नोंदला गेला नाही आणि ज्या इतर घटकांवर ते पॅकेज अवलंबून आहे ते उपलब्ध असले, की ते चाचणी विभागात सरकते. हा विभाग २००० सालापासून आहे आणि हे सरकवण्याचे काम ठरीव नियमांनी चालणारी एक आज्ञावली करते. तिच्यापुढे कोणाची ओळख चालत नाही, वशिला चालत नाही.

दर दोन वर्षांच्या सुमारास चाचणी विभाग गोठवला जातो. ही गोठवणी टप्प्याटप्प्याने होते. एखाद्या पायाभूत घटकाची नवी आवृत्ती आली की त्याच्यावर उभी असलेली शेकडो पॅकेजे पुन्हा बांधावी लागतात आणि एकाने उशीर केला तर सारे अडून राहतात. म्हणून असे मोठे बदल सर्वांत आधी थांबवतात. मग नवी पॅकेजे थांबतात, आणि शेवटी एकेका दुरुस्तीसाठी प्रकाशन मंडळाकडे कारणे देऊन परवानगी मागावी लागते. ही मागणी आणि तिच्यावरील निर्णय दोन्ही सर्वांना वाचता येतात. दरम्यान सगळ्यांची नजर एका आकड्यावर असते: प्रकाशन रोखून धरणाऱ्या दोषांची संख्या. तो कमी करण्याचे मार्ग दोनच. दोष दुरुस्त करा, नाही तर ते पॅकेज वगळा. एखाद्याने आपल्या पॅकेजकडे दुर्लक्ष केले तर दुसऱ्या सभासदाला त्यात हात घालून दुरुस्ती करता येते, कारण येथे पॅकेजवर सांभाळणाऱ्याची मालकी नसून केवळ विश्वस्ताचा हक्क आहे. गावोगावचे सभासद शनिवार-रविवारी एकत्र बसून केवळ हे दोष निपटतात. प्रकाशनाच्या दिवशीदेखील नवी आवृत्ती निरनिराळ्या यंत्रांवर बसवून पाहणारे स्वयंसेवक कामाला जुंपलेले असतात. यानंतरच ‘तयार आहे’ असे म्हटले जाते. हे म्हणण्याचा अधिकार असलेले प्रकाशन मंडळ निवडून आलेल्या प्रमुखाने नेमलेले असते.

सामाईक संपत्ती टिकते ती तिच्यावर देखरेख ठेवणारे लोक तिचे वापरकर्तेच असतील किंवा वापरकर्त्यांना उत्तरदायी असतील तेव्हा, हा सिद्धान्त एलिनोर ऑस्ट्रॉम यांनी कुरणे, मासेमारी आणि पाटपाणी यांच्या अभ्यासातून १९९० साली मांडला. त्यांना २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ऑस्ट्रॉम यांनी पाटकऱ्याच्या पाळीबद्दल जे सांगितले ते दोषवहीलाही लागू पडते. मालक नाही म्हणजे जबाबदारी नाही, हे बाजारवाद्यांचे समीकरण त्यामुळे मुळातच कोसळते.

आता मालक असलेल्या सॉफ्टवेअरची जबाबदारी कशी असते तेही पाहू. ब्रिटनच्या पोस्ट खात्याने जपानच्या फुजित्सू कंपनीची ‘होरायझन’ ही हिशेबप्रणाली १९९९ पासून आपल्या शाखांत बसवली. प्रणालीतील दोषांमुळे शाखाचालकांच्या हिशेबात नसलेली तूट दिसू लागली. प्रत्येक शाखाचालकाला, असा त्रास फक्त तुम्हालाच होतो आहे, असे भासवण्यात आले. दोषांची माहिती आतल्या वर्तुळात राहिली आणि नऊशेहून अधिक माणसांना चोरी, अफरातफर व खोटे हिशेब यांबद्दल शिक्षा झाल्या. काही तुरुंगात गेले, काही देशोधडीला लागले, काहींनी आत्महत्या केल्या. अखेर २०२४ साली ब्रिटिश संसदेला कायदा करून शिक्षा रद्द कराव्या लागल्या. पोस्ट खात्याची मालकी सरकारी होती, हे आपण समाजवाद्यांनी विशेष ध्यानात घ्यावे. मालकी सार्वजनिक असूनही दोषवही गुप्त असेल तर ती मालकी नागरिकावरच उलटते. होरायझनचे दोष डेबियनच्या दोषांप्रमाणे चारचौघांत नोंदले जात असते, तर पहिल्या दहा-वीस शाखाचालकांनीच परस्परांना ओळखले असते.

दुसरे उदाहरण १९ जुलै २०२४ चे. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने आपल्या ग्राहकांच्या संगणकांवर एक सदोष फाइल धाडली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे पंचाऐंशी लाख संगणक बंद पडले. विमाने खोळंबली, आपल्याकडेही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. फाइल तपासणाऱ्या यंत्रणेतच चूक होती, आणि ती फाइल आधी थोड्या संगणकांवर पाठवून पाहण्याची पद्धत अशा फायलींसाठी नव्हती, हे पुढे कंपनीच्याच निवेदनांतून उघड झाले. म्हणजे जी अस्थिर आणि चाचणीची पायरी बिनपगारी स्वयंसेवक वर्षानुवर्षे सांभाळत आले, ती अब्जावधी डॉलर मूल्याच्या कंपनीने गाळली होती. मालक होता, वेळापत्रक होते, करारपत्रे होती. थांबा, अजून तयार नाही, असे म्हणणारी जागा मात्र नव्हती.

येथवरचे वाचून आपले मित्र टाळ्या वाजवतील. त्यांनी थोडे थांबावे, कारण पुढील भाग त्यांच्यासाठी आहे.

चाचणी हे आनंदाचे काम नव्हे. नवे काही रचणाऱ्याचे नाव होते. त्याने रचलेले कोठे मोडते हे शंभरदा पडताळून पाहणाऱ्याचे होत नाही. प्रकाशन व्यवस्थापकाकडे तर मुख्य अधिकार नकाराचा असतो. आवृत्ती लांबली की दोष त्याचा. वेळेवर आली की श्रेय सर्वांचे. सेवादलाच्या शिबिरांतून श्रमदान केलेल्यांना हे नवीन नाही. बंधारा बांधताना गाव लोटते, छायाचित्रे निघतात. दर उन्हाळ्यात त्यातला गाळ काढायला चार माणसे मिळत नाहीत. डॉ. लोहियांनी मतपेटी आणि तुरुंग यांच्या जोडीला फावडे ठेवले, पण गाळ काढणारे फावडे दरवर्षी कोणी उचलायचे, हा हिशेब आपण कधी नीट मांडला नाही.

या कामाचे प्रमाणही क्षुल्लक नाही. फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात सॉफ्टवेअर-निर्मितीच्या वेळेची वाटणी दिली आहे. त्यात प्रत्यक्ष लेखनाला एक षष्ठांश, तर चाचणीला निम्मा वेळ आहे. लांबलेल्या कामावर अधिक माणसे लावली तर ते आणखी लांबते, हेही त्यांचेच निरीक्षण. तेव्हा उत्साही नवागतांची भरती हा यावरचा उपाय होऊ शकत नाही. येथे हवी असतात ती वर्षानुवर्षे टिकून राहणारी, साऱ्या घटकांचे परस्परसंबंध डोक्यात बाळगणारी माणसे; आणि अशी माणसे उपजीविकेतून उरलेल्या वेळावर फार काळ तगत नाहीत.

डेबियनच्याच इतिहासात याचे पुरावे आहेत. जुलै २००२ च्या आवृत्तीनंतरची आवृत्ती यावयास जून २००५ उजाडले. जवळजवळ तीन वर्षे वापरकर्ते ताटकळले. पुढची आवृत्ती डिसेंबर २००६ मध्ये वेळेवर निघावी म्हणून तत्कालीन प्रमुखासह काही सभासदांनी प्रकल्पाच्या बाहेर एक निधी उभारला आणि दोघा प्रकाशन व्यवस्थापकांना एकेक महिन्याचा मोबदला देण्याचे ठरवले. त्यावर वादळ उठले. आम्ही फुकट राबायचे आणि दोघांनी पैसे घ्यायचे काय, असा सवाल झाला. काहींनी आपले काम आखडते घेतले. प्रमुखाला परत बोलावण्याचा ठराव मताला आला आणि फेटाळला गेला. आवृत्ती अखेर ८ एप्रिल २००७ रोजी प्रसिद्ध झाली.

या प्रकरणाचा अर्थ पैसा आला की सेवाभाव मरतो, असा लावला जातो. मला तो मान्य नाही. पैशाने प्रश्न निर्माण केला नाही. पैसा कोणाला, किती आणि कोणाच्या निर्णयाने, याची सर्वांच्या संमतीने ठरलेली रीत नव्हती, तिने तो निर्माण केला. २०१४ पासून जुन्या आवृत्त्यांना दीर्घकाळ सुरक्षा-दुरुस्त्या पुरवण्याचे कंटाळवाणे काम अनेक संस्थांकडून वर्गणी घेऊन, मोबदला देऊन केले जाते. त्यावरून प्रकल्प फुटला नाही. सहकारी साखर कारखान्याच्या चिटणिसाला पगार असतो म्हणून सहकार बुडत नाही. तो पगार कोणाला जबाबदार राहून घेतला जातो, याला महत्त्व आहे. प्रवरानगरच्या कारखान्याचे अध्यक्षपद सांभाळलेल्या धनंजयराव गाडगीळांच्या महाराष्ट्राला तरी हे निराळे सांगावयास नको.

दुसरा भ्रम असा की, लिखाण सर्वांसाठी खुले असले की दोष आपोआप सापडतात. २००६ साली डेबियनच्या एका सभासदाने गुप्तलेखनाच्या एका महत्त्वाच्या सॉफ्टवेअरमध्ये सद्‌हेतूने केलेल्या बदलामुळे त्यातून निघणाऱ्या गुप्त किल्ल्या सहज ओळखता येतील अशा झाल्या. बदल सर्वांना दिसत होता. तो २००७ च्या स्थिर आवृत्तीतही गेला आणि मे २००८ पर्यंत कोणाच्या ध्यानात आला नाही. दोषवहीत न नोंदलेला दोष आवृत्ती रोखू शकत नाही. नोंद होण्यासाठी कोणीतरी बसून तपासावे लागते. एप्रिल २०१४ मध्ये त्याच सॉफ्टवेअरच्या मूळ लिखाणात ‘हार्टब्लीड’ हा दोष उघड झाला, तेव्हा जगातील असंख्य संकेतस्थळांच्या सुरक्षेचा भार वाहणाऱ्या त्या प्रकल्पाला वर्षाला जेमतेम दोन हजार डॉलर देणग्या मिळत आणि पूर्णवेळ काम करणारा एकच माणूस होता, हे जगाला कळले. डोळे हजारो असू शकतात. ते पाहत नसतील तर आंधळ्यांची संख्या वाढली, एवढेच.

मार्च २०२४ मधील प्रकरण तर अधिक गंभीर. ‘एक्सझेड’ हे फायली संकोचून ठेवणारे छोटे पण सर्वत्र वापरले जाणारे सॉफ्टवेअर एक माणूस बिनमोबदला सांभाळीत होता. आपल्या मानसिक स्वास्थ्याच्या अडचणी त्याने २०२२ सालीच जाहीरपणे सांगितल्या होत्या. त्या काळात अनोळखी नावांनी त्याच्यावर दडपण आणले गेले आणि टोपणनावाने वावरणाऱ्या एका मदतनिसाच्या हाती हळूहळू कारभार गेला. त्या मदतनिसाने सॉफ्टवेअरमध्ये चोरदरवाजा बसवला. तो डेबियनच्या अस्थिर आणि चाचणी विभागांत शिरला, स्थिर आवृत्तीत मात्र पोचला नाही. आंद्रेस फ्रॉइंड हा अभियंता अस्थिर विभागावर दुसरेच काही तपासत असताना दूरच्या यंत्रात प्रवेश करण्यास सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो आहे हे त्याच्या ध्यानात आले, आणि त्याने माग काढला. पायऱ्यांची व्यवस्था येथे उपयोगी पडली हे निःसंशय. परंतु ती उपयोगी पडली एका चिकाटीच्या माणसामुळे, आणि त्याचा पगार मायक्रोसॉफ्ट देत होती. एकाकी, दमलेल्या माणसावर सोपवलेली सार्वजनिक संपत्ती ही कोणाही घुसखोराला मोकळे रान असते.

अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर चाचणी ही सार्वजनिक वस्तू आहे. तिचा लाभ सर्वांना होतो, लाभ घेणाऱ्याला वगळता येत नाही, म्हणून खर्च करण्यास कोणी पुढे येत नाही. मोठ्या कंपन्या हे सॉफ्टवेअर फुकट उचलतात, त्यावर नफा कमावतात आणि तपासणीचे ओझे स्वयंसेवकाच्या रात्रींवर टाकतात. श्रमदान जेव्हा भांडवलाच्या गोदामात जाऊन पडते, तेव्हा त्याला शोषण म्हणावयास आपण का कचरावे? सार्वजनिक वस्तूचा खर्च करातून भागवावा, हे तर पाठ्यपुस्तकांतील सर्वमान्य उत्तर आहे. जर्मनीने २०२२ मध्ये अशा पायाभूत मुक्त सॉफ्टवेअरसाठी सरकारी निधी सुरू केला आणि २०२३ मध्ये त्यातून ‘ग्नोम’ या एकाच प्रकल्पाला दहा लाख युरो दिले. हे अशक्य नाही.

आपल्या देशाचा याच्याशी संबंध दूरचा नाही. केंद्र सरकारने २०१५ साली सरकारी कारभारात मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. ज्या सी-डॅक संस्थेचे मुख्यालय पुण्यात आहे, तिने घडवलेली ‘बॉस’ ही भारतीय प्रणाली डेबियनवरच बेतलेली आहे. डेबियनची वार्षिक जागतिक परिषद सप्टेंबर २०२३ मध्ये कोचीत भरली होती. फुकट मिळते म्हणून घेणे, एवढाच त्या धोरणाचा अर्थ असेल तर आपले सरकारही त्याच कंपन्यांच्या रांगेत उभे राहील. घेतलेल्या मालाची तपासणी करून दोष परत कळवणे ही घेणाऱ्याची जबाबदारी आहे. ती देणगी नव्हे, देणे आहे.

मराठीपुरते एकच उदाहरण देतो. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या दऱ्या. दुसऱ्या शब्दातला अर्धा र पडद्यावर नीट उमटतो की नाही, शोधताना हे दोन शब्द वेगळे ओळखले जातात की नाही, हे जर्मनीतील किंवा ब्राझीलमधील स्वयंसेवक तपासू शकत नाही. ते मराठी वाचणाऱ्यानेच पाहावयाचे. आवृत्ती गोठलेली असते त्या काही महिन्यांत आपल्या महाविद्यालयांतील संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी ती मराठीत बसवून पाहावी, दोष नोंदवावेत आणि त्या नोंदींना प्रात्यक्षिकाचे गुण मिळावेत. जे शासकीय विभाग मुक्त सॉफ्टवेअर वापरतात त्यांनी वाचलेल्या परवानाशुल्काचा ठरावीक हिस्सा चाचणीच्या पगारी जागांवर खर्च करावा. या जागांवरील माणसांनी काम करावे ते प्रकल्पाच्या उघड नियमांखाली. ‘तयार आहे’ हे ठरवण्याचा अधिकार मंत्रालयाकडे जाता कामा नये. आणि सरकार स्वतः जी सॉफ्टवेअरे नागरिकांवर लादते, मग ती शिधापत्रिकेची असोत की पीकविम्याची, त्यांची दोषवही लोकांना वाचता यावी आणि तीत लिहिता यावे. ज्याचे रेशन अंगठा न उमटल्याने अडते, त्याची तक्रार हीदेखील एक चाचणीच असते. तिची नोंद कोठे होते?

या मागण्या फार मोठ्या नाहीत. परंतु त्यांच्यामागचे तत्त्व मोठे आहे. उत्पादनाची साधने समाजाच्या ताब्यात यावीत असे आपण म्हणत आलो. डेबियनच्या स्वयंसेवकांनी ती साधने काही अंशी खरोखरीच सामाईक करून दाखवली, आणि वस्तू तयार झाल्याचा निर्णय मालकाच्या दिनदर्शिकेतून काढून दोषांच्या जाहीर नोंदीवर आणून ठेवला. हे त्यांचे काम झाले. त्या नोंदी ठेवणाऱ्या, पडताळणाऱ्या आणि नकोसा नकार देणाऱ्या हातांना समाजाने पोटापाण्याची निश्चिंती देणे, हे आपले राजकीय काम आहे, आणि ते अजून सुरूही झालेले नाही.